बदलापूर पूर्वेला सूर्य मावळतो

गॅलरीतून (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहितोच.

बदलापूर पूर्वेला, कात्रपला आम्ही २०११ मध्ये राहायला आलो. त्याआधी परळला चाळीत दोन खोल्या होत्या. भावाचं लग्न ठरलं, कुणीतरी बाहेर पडणं भाग होतं आणि आमच्या पैशांत डोंबिवली बसत नव्हती. पुढची नऊ वर्षं मी "बदलापूरला राहतो" असं सांगायचो, पण खरं तर इथे फक्त झोपायला यायचो. सव्वासहाला घर सोडायचं. सीएसएमटी ६८ किलोमीटर, फास्ट मिळाली तरी दीड तासाच्या आसपास. परत यायला रात्रीचे साडेनऊ. रविवारी आठवड्याची झोप, किराणा, आणि कुणाकडे तरी बारसं नाहीतर वास्तुशांत.

मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या आणि माझं काम घरात आलं. त्याच दिवसांतली एक संध्याकाळ. लॅपटॉप मिटून गॅलरीत उभा राहिलो, तर समोर डोंगरांच्या रांगेमागे सूर्य बुडत होता. आमची गॅलरी स्टेशनकडे पाठ करून आहे, म्हणजे पूर्वेच्याही पूर्वेला. काही उमजेना. मुलीला हाक मारून मोबाइलवर होकायंत्र लावायला सांगितलं. सूर्याचं काही चुकलं नव्हतं. मीच नऊ वर्षं उलट्या दिशेला पूर्व म्हणत होतो.

मग नकाशा काढून बसलो. मुंबईहून गाडी उत्तरेकडे निघते तेव्हा उजव्या हाताला पूर्व. कल्याणच्या पुढे कर्जतची लाइन उजवीकडे वळते आणि आग्नेयेला जाते. उजवा हात आता नैर्ऋत्येकडे असतो, पण त्या बाजूचं नाव पूर्वच राहिलं. अंबरनाथचं शिवमंदिर "पूर्वेला" आहे तेही असंच. आपल्या गावाच्या दिशासुद्धा गाडीत बसलेल्या माणसाने ठरवल्या, हे कळल्यावर मला कसंतरीच झालं.

त्यानंतर हे गाव मी दिवसा बघायला लागलो. सकाळी अकराला रस्ते कुणाचे असतात? आज्यांचे, दप्तरवाल्या पोरांचे, आणि डोंगराकडून टोपली घेऊन येणाऱ्या ठाकर-कातकरी बायांचे. पावसाच्या तोंडावर त्यांच्याकडे शेवळं ही रानभाजी असते. एकीने मला शेवळांबरोबर काकडं, म्हणजे रानातली आंबट फळं, बळेच दिली. म्हणाली, "यांच्याशिवाय शिजवशील तर घसा खाजंल." नंतर टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी. माझ्या आईला ही सगळी नावं ठाऊक होती आणि तिचे डोळे भरून आले. नऊ वर्षं ती दिवसभर घरात होती, पण तिला बाजारात घेऊन जायला घरात कुणी नव्हतं.

तुमचं बदलापूर कसं आहे? अंबरनाथ, वांगणी, नेरळवाल्यांनीही लिहा.

कुळगावकर

लेख आवडला. मी इथलाच. आज जिथे तुमच्यासारख्यांच्या इमारतींची रांग आहे, तिथे आमची भातशेती होती.

पूर्व-पश्चिम हे शब्द आमच्याकडे फ्लॅटवाल्यांबरोबर आले. आमच्या घरात आजही "गावात जाऊन येतो" म्हणजे रुळापलीकडच्या जुन्या बदलापुरात. आम्ही कुळगावचे. नगरपरिषदेच्या नावातही कुळगाव आधी येतं, बदलापूर नंतर. घोडे बदलायचे ठिकाण म्हणून बदलापूर, असं आजा सांगायचा. आगगाडीसुद्धा इथे काल आलेली नाही. कल्याणच्या पुढे खोपोलीपर्यंत रूळ पडले ते १८५६ मध्ये. पण शंभर वर्षं ती नुसती गावातून जायची. गाव तिच्यामागे धावायला लागलं ते आमच्या डोळ्यांसमोर.

१९८३ मध्ये आम्हाला कल्याण महापालिकेत घातलं, १९९२ मध्ये वेगळं काढलं. २००१ च्या जनगणनेत आम्ही लाखाच्या आत होतो, २०११ मध्ये १,७४,२२६. आता किती झाले असतील ते संध्याकाळी सातला पुलावर उभं राहिलं की समजतं.

वडिलांनी जमीन टप्प्याटप्प्याने विकली. एक तुकडा बहिणीच्या लग्नाला, एक माझ्या शिक्षणाला. शेवटचा विकला तेव्हा बांधावर जांभळीची तीन झाडं होती. बदलापूरची जांभळं कल्याणच्या बाजारात नाव सांगून विकली जायची. व्यवहारात झाडांची किंमत धरलीच नव्हती, हे त्यांना शेवटपर्यंत लागून राहिलं. तुम्हाला दिवसा गाव दिसलं याचा आनंद आहे. फक्त एवढंच सांगतो की तुम्हाला जे दिसलं ते उरलेलं आहे.

गॅलरीतून

काका, तुमच्या शेवटच्या वाक्यावर काय लिहावं कळत नाही. त्या तीन झाडांपैकी एखादं उभं आहे का अजून? असेल तर मला बघायचं आहे.

लेडीज_डबा

दोघांचंही वाचलं. एक गोष्ट मनापासून सांगते, राग मानू नका.

दिवसाचं बदलापूर तुम्हाला दिसलं, कारण तुमचं काम घरी येऊ शकलं. माझं येऊ शकत नाही. मी परिचारिका आहे, रुग्णालय मुंबईत. २०२० मध्ये आधी एसटीने गेले, १५ जूनपासून अत्यावश्यक सेवेच्या लोकलने. तुम्ही गॅलरीत उभे होता त्या संध्याकाळी मी बहुतेक कल्याणच्या पुलावर बसची वाट बघत होते.

माझं गाव म्हणजे महिलांचा डबा. ठरलेली गाडी, ठरलेला दरवाजा. अंबरनाथहून डाऊन करून, म्हणजे जागेसाठी आधी उलटं बदलापूरला येऊन, बसून येणाऱ्या बायकांशी जागेवरून भांडणंही झाली आणि पुढे त्यांच्यातल्याच एकीने माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू पाठवले. परतीच्या गाडीत दादरची मेथी ठाण्यापर्यंत निवडून होते, अंबरनाथ येईपर्यंत गवार मोडून होते. दसऱ्याला डब्यात पूजा, आपट्याची पानं, पेढे. चौथ्या सीटवर टेकून मी तीन परीक्षांचा अभ्यास केला आहे.

माझ्या मुलीने पहिलं पाऊल टाकलं ते शेजारच्या काकूंच्या घरात. काकूंनी मला ते लगेच सांगितलं नाही. रविवारी माझ्यासमोर ती पुन्हा चालली तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, आज पहिल्यांदाच!" दोन वर्षांनी मला खरं कळलं. अशा माणसांच्या भरवशावर मी या गावात राहते. शहर किती मोठं, सोयी किती, याचा हिशेब मी त्यांच्यापासून सुरू करते.

भाड्याने_नाहूर

धागा अगदी वेळेवर आला. आम्ही सध्या नाहूरला भाड्याने. घरमालक दर अकरा महिन्यांनी भाडं वाढवतो, म्हणून बदलापूरला घर घ्यायचा विचार आहे. नवराबायको दोघांच्या नोकऱ्या (एक ठाणे, एक विक्रोळी), मुलगा दुसरीत, आणि आईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा.

स्पष्ट विचारतो: पाणी येतं का? पूर येतो का? रात्री आईला काही झालं तर काय?

हेंद्रेपाडा

पुराचं मी सांगतो, कारण आमचं घर पश्चिमेला नदीच्या बाजूला आहे.

आधी हे समजून घ्या. उल्हास नदी लोणावळा-राजमाचीच्या बाजूने उतरते आणि कर्जतवरून आपल्याकडे येते. त्यामुळे बदलापूरला पाऊस थांबलेला असतो, आणि वर घाटात रात्रभर कोसळलेलं पाणी सकाळी आपल्या दारात येतं. नवीन माणूस इथेच फसतो. ऊन पडलं म्हणून गाडी काढायची राहते.

२६ जुलै २००५ ला आमच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं. लग्नाचा अल्बम, पोराची पुस्तकं, सगळं गेलं. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली, हजाराच्या वर प्रवासी. एनडीआरएफ आणि नौदल आलं, होड्या आल्या, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. पण चामटोलीच्या बाजूचे गावकरी त्याआधीच पाण्याशी पोचले होते. आमच्या इमारतीतून पोळ्या आणि बिस्किटांचे पुडे गेले. आमचा स्वतःचा तळमजला त्या दिवशी पाण्यात होता, आणि तरीही वरच्या मजल्यावर बायका पोळ्या लाटत होत्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी.

तुम्हाला सल्ला. सॅम्पल फ्लॅट बघू नका. जुलैमध्ये या. इमारतीच्या मीटरच्या खोलीत भिंतीवर पाण्याची रेघ आहे का बघा. जवळच्या किराणा दुकानात जाऊन बघा की तांदळाची पोती जमिनीवर आहेत की फळीवर, आणि फळी किती उंच आहे. दुकानदार पंधरा वर्षांचा जुना असेल तर ती फळीच तुम्हाला पुराची पातळी सांगते. आणि जलसंपदा खात्याच्या पूररेषेच्या नकाशात आपला प्लॉट निळ्या रेषेच्या आत नाही ना, हे वकिलाकडून लेखी घ्या. पूर्वेला, कात्रप-शिरगावच्या उंच भागात नदीची ही भीती नाही.

मग मी इथे का राहतो? नदीमुळेच. मे महिन्यात पहाटे पाच वाजता या, सांगतो.

गॅलरीतून

@भाड्याने_नाहूर, पाण्याचं माझ्याकडून. गाव उल्हास नदीचं पाणी पितं, ते बंधाऱ्यावरून उचललं जातं. बारवी धरण आपल्या उशाशी आहे, पण त्याचं पाणी उद्योगांना आणि ठाणे, मीरा-भाईंदरपर्यंत जातं. ते बघायला जाणाऱ्यांना हे ऐकून नवल वाटतं. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात आठवड्यातला एखादा दिवस कोरडा जातो, टँकर मागवावा लागतो, त्याचा खर्च वर्गणीत येतो. घर घेताना जुन्या सोसायटीच्या खजिनदाराला भेटा आणि एप्रिल-मेमधला टँकरचा खर्च विचारा. उत्तर देताना तो आकडा आठवायला थांबला, तर समजा त्रास कमी आहे.

आईंच्या आजाराबद्दल मनात आहे तेच लिहितो. माझ्या वडिलांना रात्री दीड वाजता छातीत दुखायला लागलं. जवळच्या एका दवाखान्याने पुढे न्यायला सांगितलं, पुढच्याने आणखी पुढे. ठाण्याला पोचलो तेव्हा उजाडलं होतं. ते वाचले. पण त्या रात्री रुग्णवाहिकेत बसून मी एकेक स्टेशनचं नाव मोजत होतो. डायलिसिस इथे होतं. जवळचं केंद्र आधी नक्की करा, त्यांच्याकडे पाळी मिळते का विचारा, आणि घर त्या केंद्रापासून रिक्षाच्या अंतरात घ्या. स्टेशनपासूनचं अंतर नंतर बघा.

एकवीस_वर्षांची

मोठ्या लोकांच्या धाग्यात लिहिते आहे, पण लिहायचंच आहे.

मी इथे वाढले. मला परळ आठवत नाही, गिरगाव आठवत नाही. तुम्ही सगळे बदलापूरला आलात कारण पैशांत तेवढंच बसलं. आमच्या घरातही रोज तेच ऐकलं. "आपण दादरला असतो तर." मी लहान असताना मला वाटायचं की आपण कुठूनतरी हाकलले गेलो आहोत आणि एक दिवस परत जाणार आहोत.

पण माझं गाव हेच आहे. माझी शाळा, गणपतीतलं माझं ढोल पथक, पाडव्याची शोभायात्रा, कोंडेश्वरच्या वाटेवरचा पहिला पाऊस. (धबधब्यांवर आता पावसाळ्यात बंदी असते, आणि तिथे दर वर्षी माणसं बुडायची, त्यामुळे ती बरोबरच आहे.) गावावर प्रेम आहे म्हणूनच राग येतो. आम्हा मुलींना बसायला जागा कुठे आहे? मुलं नाक्यावर, पुलावर, कट्ट्यावर बसतात. आम्ही अभ्यासिकेत बसतो किंवा चालत राहतो. दोन मैत्रिणींना तासभर बोलायचं असेल तर आम्ही कात्रपहून स्टेशनपर्यंत चालत जातो आणि परत येतो, कारण थांबलं की कुणीतरी बघत राहतं. कॉलेज कल्याणला, नाटक बघायचं तर डोंबिवलीला, क्लास ठाण्याला. प्रत्येक चांगली गोष्ट गाडीच्या पलीकडे.

मला इथेच राहायचं आहे आणि इथेच काम करायचं आहे. हे घरी सांगितलं तर बाबा म्हणतात, "एवढं शिकवलं ते बदलापुरात बसायला?"

निवृत्त_गिरगाव

बेटा, तुझं पत्र मी सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आपणही तिच्या जागी गप्प चालतच राहिलो होतो.

नाटकाचं मात्र माझंही दुखणं आहे. गिरगावात असताना साहित्य संघ चालत जायच्या अंतरावर होता. आता कल्याणचं अत्रे रंगमंदिर किंवा डोंबिवलीचं फुले नाट्यगृह, आणि तिसरा अंक सुरू झाला की गाडीचं वेळापत्रक डोक्यात फिरतं. गेल्या चार वर्षांत मी एकाही नाटकाचा पडदा पडताना पाहिलेला नाही. सकाळी नदीकाठचं फिरणं आणि बारा जणांचा आमचा गट, हे मात्र गिरगावात मिळालं नसतं.

भाड्याने_नाहूर

सगळ्यांचे आभार. एजंट मात्र वेगळंच सांगतो आहे. बडोदा महामार्गाचा बोगदा झाला, आता पनवेल पंधरा मिनिटं, मेट्रो १४ येते आहे, आत्ता घेतलं नाही तर हातातून जाईल.

कुळगावकर

बोगदा खरा आहे, डोंगर पोखरून तो पलीकडे पनवेलच्या बाजूला काढला आहे. सुरुंगांचे आवाज आम्ही ऐकले. कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रो मी ऐकत आलो आहे. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी लाइन आणि चिखलोली स्टेशन, यांचं काम डोळ्यांना दिसतं. तुमच्या दोघांच्या नोकऱ्या ठाणे-विक्रोळीला असतील तर तुमच्या रोजच्या जगण्याला या लाइनचाच उपयोग होणार. आजच्या गाडीत तुम्हाला जमतं का, तेवढं बघून घर घ्या. उद्याच्या गाडीवर घर घेतलेली माणसं मी वीस वर्षं वाट बघताना पाहिली आहेत.

@गॅलरीतून, एक जांभूळ उभं आहे. इमारतीच्या आवारातली भिंत त्याला वळसा घालून बांधली आहे. कुणी तसं करायला लावलं मला माहीत नाही, पण त्या माणसाला भेटायची फार इच्छा आहे. तुमच्या आईंना घेऊन या. जूनमध्ये खाली सडा पडतो.

लेडीज_डबा

परवा एक झालं. पाळी बदलून मिळाली आणि मी दुपारी चारला घरी आले. मुलीला शाळेतून आणायला गेले तर ती गेटवर मला बघून थबकली. मागे वळून बघितलं, रोजच्या काकू कुठे आहेत म्हणून. मग पळत आली.

आम्ही गच्चीवर गेलो. सहा वर्षांत मी संध्याकाळी गच्चीवर गेले नव्हते. डोंगरांचा रंग आधी निळा, मग जांभळा, मग काळा होत गेला. मुलगी मला एकेका डोंगराचं नाव सांगत होती. हा मलंगगड, तो चंदेरी. मला एकही माहीत नव्हतं. तिला काकूंनी शिकवली होती.

@एकवीस_वर्षांची, आमची गच्ची मोकळी असते. मैत्रिणीला घेऊन ये. हवा तेवढा वेळ बसा, कुणी बघत नाही. पत्ता निरोपातून पाठवते.

एकवीस_वर्षांची

ताई, येते. नक्की येते.

भाड्याने_नाहूर

रविवारी आईला आणि मुलाला घेऊन बघायला येतो आहोत. मेगाब्लॉक आहे असं दिसतं. साधारण चारपर्यंत पोचू. कुणाला वेळ असेल तर भेटूया का?

हेंद्रेपाडा

आधी पश्चिमेला माझ्याकडे चहाला या. किराणावाल्याची फळी दाखवतो. आईंना जिने चढायला लावू नका, मी स्टेशनवर व्हीलचेअरचं बघतो.

गॅलरीतून

मग तिथून आमच्याकडे या. शेअर रिक्षावाल्याला कात्रप सांगा. वाट चुकलात तर सूर्य ज्या बाजूला उतरत असेल, त्या बाजूला चालत या. तीच पूर्व.